मूळ एअरबॉक्स खरंच गाडीचा श्वास अडवतोय का?

पत्र थोडक्यात: या वाचकाने वर्षभरापूर्वी दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, सुमारे २४० हॉर्सपॉवरची हॉट हॅच, म्हणजे जोरदार इंजिनाची छोटी हॅचबॅक, घेतली. गाडीवर त्यांचा जीव आहे. बोगदा आला की काच खाली करून ते टर्बोचा आवाज ऐकतात. आता इनटेक (इंजिनाला हवा नेणारा फिल्टर, डबा आणि पाइप) बदलायचा आणि पुढे जमेल तेव्हा रीमॅप (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) करायचा, असा बेत आहे. ताकदीसोबत आवाजही हवाय, असं त्यांनी पत्राच्या शेवटी लिहिलंय. वॉरंटीचे काही महिने बाकी आहेत. त्यांच्यासमोर तीन पर्याय आहेत: फिल्टरच्या मूळ डब्यातच, म्हणजे एअरबॉक्समध्येच, बसणारा, धुऊन पुन्हा वापरता येणारा पॅनल फिल्टर, हीट शील्डसह येणारा उघडा कोन फिल्टर, ज्याचा उत्पादक १५ हॉर्सपॉवर वाढतील म्हणतो, आणि कार्बन फायबरच्या बंद डब्याचा पूर्ण संच. मित्रांचं ठाम मत आहे की कंपन्या आवाजाच्या नियमांपायी आणि खर्च वाचवायला गाडीचा गळा आवळून ठेवतात, त्यामुळे सगळ्यात आधी इनटेकच बदलायला हवा. वाचक विचारतात: “तिन्हीपैकी कुठला घेऊ? आणि मूळ एअरबॉक्सला आत्ताच एक गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू का?”

नमस्कार,

बोगद्यात काच खाली करणाऱ्या माणसाला “आहे तशी चालवा, कशाला हात लावता” असं सांगून मी मोकळा होणार नाही. गाडी ऐकावीशी वाटणं ही गाडी बाळगण्यातली मोठी मजा आहे. पण तुम्ही मला ‘कुठला’ असं विचारलंय, आणि मला आधी ‘कशासाठी’ असं विचारायचंय. तुमच्या पत्रात ताकद आणि आवाज या दोन इच्छा एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या केल्या की निवड बरीच सोपी होते.

आधी मित्रांच्या ‘गळा आवळलाय’ या म्हणण्याकडे वळू. ते हवेतून आलेलं नाही. हॉट हॅच ही जात ज्या गाडीने लोकप्रिय केली त्या पहिल्या गोल्फ जीटीआयमध्ये १९७६ साली टर्बो नव्हता. १.६ लिटरचं इंजिन, ११० हॉर्सपॉवर. अशा इंजिनात सिलिंडरमध्ये हवा ढकलायला फक्त बाहेरच्या वातावरणाचा दाब असतो. वाटेत फिल्टरने, पाइपने, वळणाने जेवढा दाब खाल्ला तेवढी हवा थेट कमी. त्या काळी इनटेक मोकळा करून ताकद मिळवणारे लोक बरोबरच करत होते. ती समजूत पुढच्या पिढीकडे तशीच आली, इंजिनं मात्र बदलली.

तुमच्या गाडीत हवा खेचायचं काम टर्बो करतो, आणि किती हवा आत घ्यायची हे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठरवतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की ईसीयू त्यावरून टॉर्क ठरवतो, त्या टॉर्कला किती हवा लागेल ते काढतो, तेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, मागतो आणि वेस्टगेट (एक्झॉस्टचा काही भाग टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) कमी-जास्त उघडून तो बूस्ट सांभाळतो. समजा तुम्ही फिल्टरची वाट मोकळी केली. मग काय होईल? टर्बोला तोच बूस्ट जरा कमी कष्टात मिळेल, ईसीयू वेस्टगेट किंचित जास्त उघडा ठेवेल आणि ठरलेला टॉर्क तिथेच राहील. सॉफ्टवेअरने मागितलेली हवा मूळ एअरबॉक्स देत असेल, तर इनटेकने ताकदीत मोठी उडी पडायला वावच उरत नाही. टर्बो त्याच्या मर्यादेपर्यंत ताणला जातो तिथे गोष्ट वेगळी. कडक उन्हाळा, उंच डोंगरावरची विरळ हवा, रेड लाइनजवळचे आरपीएम, अशा वेळी मोकळ्या वाटेचा थोडा फायदा दिसतो.

‘जरा कमी कष्टात’ म्हणजे किती, ते आकड्यांत पाहू. समजण्यापुरतं एक गणित घेतलंय, तुमच्या गाडीचे नेमके आकडे थोडे वेगळे असतील. बाहेरचा दाब १०१ किलोपास्कल, बाहेरची हवा ३० अंश. पूर्ण जोरात फिल्टर, डबा आणि पाइप मिळून ५ किलोपास्कल दाब खातात असं धरू. टर्बोने इंजिनाला २२० किलोपास्कल द्यायचेत, म्हणजे त्याला दाब २.२९ पट करावा लागतो. आता नवा इनटेक बसवून तुम्ही तो ऱ्हास निम्म्यावर आणलात, तर २.२३ पट. कॉम्प्रेसरची, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची, कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर पहिल्या वेळी टर्बोतून निघणारी हवा सुमारे १४६ अंशांवर जाते, दुसऱ्या वेळी १४२ वर. ही हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या आधी चार अंशांचा फायदा. इंटरकूलरनंतर त्यातला अगदी थोडा उरतो.

आता हाच ‘मोकळा’ इनटेक बाहेरच्या ३० अंशांऐवजी बॉनेटखालची ५० अंशांची हवा ओढायला लागला, तर? टर्बोतून निघणारी हवा १६९ अंशांवर जाते. वाट मोकळी करून चार अंश कमावले आणि गरम हवा घेऊन सत्तावीस घालवले. गरम हवा विरळ असते, शिवाय नॉकिंगचा (मिश्रण आपोआप पेटण्याचा) धोका वाढतो म्हणून ईसीयू इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. उघड्या कोन फिल्टरबद्दल माझं मत कुठून आलंय ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

कोनच्या बाजूनेही बोलायला हवं. गाडी वेगात असली की बॉनेटखाली वारा खेळतो आणि तापमान बरंच उतरतं. चांगली हीट शील्ड बॉनेटच्या रबरला घट्ट टेकत असेल आणि समोरच्या डक्टमधून थेट वारा घेत असेल, तर ती जवळजवळ बंद डब्याचंच काम करते. पण बऱ्याच शील्ड म्हणजे तीन बाजूंनी वळवलेला पत्रा असतो, वरून आणि मागून उघडा. तुमच्या यादीतल्या कोनची शील्ड कशी आहे ते पाहायचं असेल तर बॉनेट बंद करायच्या आधी तिच्या कडेवर पीठ किंवा खडू लावा. बॉनेट लावा, पुन्हा उघडा. कडेच्या किती लांबीची खूण बॉनेटच्या आतल्या बाजूला उमटलीय ते बघा. जिथे उमटली नाही तिथून गरम हवा आत येणार.

जाता जाता पाइपबद्दल. ‘ॲल्युमिनियमचा पाइप तापतो, म्हणून कार्बन फायबरचा घ्या’ असा सल्ला तुम्हाला नक्की मिळाला असेल. २४० हॉर्सपॉवर देताना इंजिन सेकंदाला साधारण दीडशे लिटर हवा घेतं. ७० मिलिमीटरच्या पाइपमधून ती ताशी १४० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते, आणि ६० सेंटिमीटरचा पाइप ओलांडायला तिला सेकंदाचा साठावा-पासष्टावा भाग पुरतो. एवढ्या वेळात पाइपच्या भिंतीची उष्णता तिला फारशी लागत नाही. रांगेत उभ्या गाडीत लागते, पण तिथे तुम्ही ताकद मागतच नसता. हवा येते कुठून, याला महत्त्व आहे. पाइप कशाचा, हा बराचसा दिसण्याचा प्रश्न आहे. कार्बन फायबर देखणं आहे हे मला मान्य आहे, आणि देखणं म्हणून घ्यायलाही माझी हरकत नाही.

मग १५ हॉर्सपॉवरचा दावा खोटा म्हणायचा का? तसं सरसकट म्हणणार नाही. पण तो आकडा डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, कसा मिळवला ते विचारा. डायनोवर बहुतेक वेळा बॉनेट उघडं असतं आणि समोर मोठा पंखा लावलेला असतो, म्हणजे उघड्या कोनला जे वातावरण रस्त्यावर कधीच मिळत नाही ते तिथे मिळतं. एकच गाडी काही न बदलता लागोपाठ दोनदा चालवली तरी काही हॉर्सपॉवरचा फरक येतो, कारण इंटरकूलर तापलेला असतो, तेल वेगळ्या तापमानाला असतं. मूळ इनटेकची चाचणी तापल्या गाडीवर आणि नव्याची गार गाडीवर केली, तर आकडा आपोआप फुगतो. उत्पादकाला चार गोष्टी विचारा: दोन्ही चाचण्या एकाच सॉफ्टवेअरवर केल्या का, बॉनेट बंद होतं का, प्रत्येकी किमान तीन रन आहेत का, आणि टर्बोच्या तोंडाशी मोजलेल्या दाबाचा आलेख आहे का. शेवटची गोष्ट ज्याच्याकडे आहे त्याने काम मनापासून केलंय, असं खुशाल समजा.

आता धुळीबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण याची किंमत मी मोजली आहे.

माझ्या आधीच्या टर्बो गाडीला मी पूर्ण इनटेक संच बसवला होता, स्वतःच्या हाताने, एका रात्रीत. तीन महिने मजेत गेले. मग दुसऱ्याच कामासाठी टर्बोच्या तोंडाचा पाइप काढला आणि सवयीने आतून पांढऱ्या सुती फडक्याने पुसला. फडक्यावर फिक्या मातकट रंगाचा पट्टा आला. सगळीकडून नाही, फक्त एका बाजूला, बोटाएवढा रुंद. फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये एवढी धूळ दिसता कामा नये. शोधलं तेव्हा कळलं की फिल्टरची रबरी मान पाइपच्या उंचवट्यावर खालच्या बाजूने पूर्ण चढलीच नव्हती आणि क्लॅम्प मी तसाच आवळला होता. वरून बघताना सगळं ठाकठीक दिसायचं. खालची फट दिसायला आरसा आणि टॉर्च लागला. टर्बोच्या कॉम्प्रेसर व्हीलवर उजेड मारला तर पात्यांच्या पुढच्या कडा, ज्या चकचकीत असायच्या, त्या निस्तेज आणि खरखरीत झाल्या होत्या. ते चाक मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेतं. त्या वेगात वाळूचा बारीक कणही पात्याची कड कुरतडतो. आणि जो कण टर्बो पार करतो तो पुढे पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीत जाऊन घासत बसतो.

म्हणून फिल्टर निवडताना मी ‘किती हवा सोडतो’ याआधी ‘किती धूळ अडवतो’ ते विचारतो. यासाठी आयएसओ ५०११ ही चाचणी आहे. तिच्यात एकाच फिल्टरचा हवेला होणारा विरोध, धूळ पकडण्याची कार्यक्षमता आणि धूळ साठवण्याची क्षमता अशा तिन्ही गोष्टी मोजतात. तिन्हींचे आकडे एकत्र मागा. नुसता ‘हवा जास्त सोडतो’ असा दावा पुरत नाही, कारण भोकं मोठी ठेवली की हवा जास्त जाणारच, आणि तिच्यासोबत धूळही. मूळ कागदी फिल्टर धूळ अडवण्यात सहसा फार चांगला असतो, आणि त्याच्या असंख्य घड्यांमुळे त्याचं क्षेत्रफळही दिसतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त असतं.

तुमच्या यादीतला धुऊन वापरायचा पॅनल फिल्टर तेल लावायचा सुती प्रकारचा असेल, तर तेलाची मात्रा सांभाळा. जास्त तेल पाइपमधून पुढे जातं आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर किंवा फिल्मवर बसतं. मग सेन्सर चुकीचं वाचतो. आणि कुठलाही फिल्टर उगाच वारंवार धुऊ नका. थोडी धूळ बसलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक कण जास्त चांगले अडवतो. हौसेपोटी दर महिन्याला धुणारे लोक इंजिनाची काळजी घेतोय असं समजून उलटच करत असतात.

हवा मोजणाऱ्या सेन्सरचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या गाडीत हवेचा प्रवाह मोजणारा एमएएफ सेन्सर आहे की फक्त एमएपी सेन्सर, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. एमएपी सेन्सर मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातला, दाब मोजतो. अशा गाडीत पुढचा पाइप जाड-बारीक झाल्याने मोजमापात फारसा गोंधळ होत नाही. एमएएफवाल्या गाडीत मात्र हा मुद्दा सगळ्यात नाजूक. हा सेन्सर पाइपमधल्या एका जागी वाहणारी हवा वाचतो, आणि पाइप अमुक व्यासाचा आहे हे ईसीयूने गृहीत धरलेलं असतं. नव्या संचात ती जागा ७० ऐवजी ७६ मिलिमीटरची असेल, तर क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा सेन्सरजवळून हळू जाते आणि ईसीयूला वाटतं हवा कमी आली. तो पेट्रोल कमी सोडतो, मग ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, मग ईसीयू दुरुस्ती करत बसतो. ही दुरुस्ती फ्युएल ट्रिमच्या आकड्यात, म्हणजे पेट्रोल किती टक्के वाढवलं-घटवलं त्यात, दिसते. फार वाढली की चेक इंजिन दिवा लागतो, कोड बहुधा पी०१७१. मिश्रण पातळ असल्याची ती खूण. आणि गंमत अशी की ईसीयू जुळवून घेत असताना काही दिवस गाडी जास्त चपळ वाटू शकते. ‘बसवताच फरक जाणवला’ म्हणणाऱ्यांपैकी काहींना जाणवलेला फरक हाच असतो. तेव्हा संच घेताना सेन्सरच्या जागेचा आतला व्यास मूळ इतकाच आहे ना, आणि सेन्सरच्या आधीची जाळी किंवा सरळ तुकडा तसाच ठेवलाय ना, हे लेखी विचारा.

आता रीमॅप. इथे तुमचा मुद्दा जड होतो. पाइपमधला दाबाचा ऱ्हास हवेच्या प्रमाणाच्या वर्गाने वाढतो. रीमॅपनंतर इंजिन ३० टक्के जास्त हवा घ्यायला लागलं, तर आधीचे ५ किलोपास्कल साडेआठच्या जवळ जातात. मूळ सॉफ्टवेअरवर ज्याची गरज नव्हती तो इनटेक तेव्हा उपयोगी ठरू शकतो, आणि मोठा टर्बो लावलात तर तो लागेलच. पण कुठल्या भागामुळे? हे फार कमी लोक तपासतात. पुष्कळ गाड्यांत फिल्टर आणि डबा पुरेसे असतात, आणि अडचण असते ती टर्बोच्या अगदी तोंडाशी असलेल्या आखूड, वाकड्या, आतून वळ्या असलेल्या पाइपची. डबा बदलून तो पाइप तसाच ठेवला, तर रुंद रस्ता करून शेवटी अरुंद पूल ठेवल्यासारखं होतं.

म्हणून अजून काहीच खरेदी करू नका. आधी मोजा. ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीसाठी असलेल्या सॉकेटला) लावायचं साधं उपकरण आणि फोनवरचं एखादं ॲप एवढ्यावर बरंच कळतं. तिसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमपासून वरपर्यंत, पूर्ण ॲक्सिलरेटरवर नोंद घ्या. हे ट्रॅकवर किंवा डायनोवरच करायचं, वाहत्या रस्त्यावर नाही. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट एकमेकांवर ठेवून बघा. दोन्ही रेषा वरपर्यंत चिकटून असतील, तर ईसीयूला हवं ते मिळतंय. वरच्या आरपीएमला मिळालेला बूस्ट खाली पडत असेल आणि वेस्टगेट पूर्ण बंद असेल, तर टर्बो दमतोय, आणि तिथे इनटेकला काही काम आहे. तापमान पाहताना एक लक्षात ठेवा: काही गाड्यांत दिसणारा इनटेक तापमानाचा आकडा इंटरकूलरच्या पुढचा असतो, फिल्टरजवळचा नव्हे. कुठला सेन्सर वाचताय ते आधी माहीत असू द्या.

याहून थेट उपाय हवा असेल, तर टर्बोच्या तोंडाआधीच्या पाइपवर दाब मोजायचं मॅनोमीटर लावून घ्या. एखादा जाणता ट्यूनर डायनोवर हे सहज करून देईल. एकदा पूर्ण डब्यासह मोजा, एकदा फक्त फिल्टर काढून, तेही धूळ नसलेल्या बंद जागेत आणि एकाच रनपुरतं. दोन्हींतला फरक म्हणजे फिल्टरचा वाटा. उरलेला ऱ्हास डब्याचा आणि पाइपचा. पैसे कुठे लावायचे ते या दोन आकड्यांत येतं.

क्रमाबद्दलही तुम्ही संभ्रमात आहात. माझ्या मते तो असा असावा. वॉरंटी संपेपर्यंत मूळ इनटेकवर नोंदी करा. मग ट्यूनरकडे जाऊन त्या दाखवा. तो तुमच्या गाडीसाठी स्वतंत्र मॅप लिहिणार असेल आणि नोंदींवरून इनटेक हवाच असं दिसलं, तर इनटेक आधी बसवा, म्हणजे मॅप त्याच्यासकट लिहिला जाईल. तो तयार फाइल टाकणार असेल, तर ती मूळ एअरबॉक्स धरून बनवलीय की दुसरा कुठला धरून, हे आधी विचारा. फाइल एका इनटेकची आणि गाडीवर दुसराच, हे टाळा. पहिल्या पायरीचे बरेचसे रीमॅप मूळ एअरबॉक्सवर व्यवस्थित चालतात.

आणि आता तुमची दुसरी इच्छा, आवाज. पत्रात ती तुम्ही शेवटी, थोडी लाजत लिहिलीय. लाजायचं काही कारण नाही. मूळ एअरबॉक्स टर्बोची शिट्टी आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा सुस्कारा मुद्दाम दाबतो. त्यासाठी त्यात पोकळ्या आणि रेझोनेटर असतात. इनटेक बदलण्याचं माझ्या लेखी सगळ्यात सच्चं कारण हेच आहे, कारण हा फायदा पहिल्या दिवसापासून रोज मिळतो. फक्त विकत घेताना मनाशी ‘मी आवाज घेतोय’ असं म्हणा, म्हणजे नंतर १५ हॉर्सपॉवर शोधत बसणार नाही. निर्णयाआधी तोच इनटेक लावलेल्या कुणाच्या तरी गाडीत तासभर बसा, आणि त्यातला निम्मा वेळ हमरस्त्यावर एकाच वेगाने जाऊ द्या. बोगद्यात दहा सेकंद गोड वाटणारा आवाज चार तासांच्या प्रवासात डोकं उठवू शकतो. मागे आई-वडील किंवा लहान मूल बसत असेल, तर त्यांनाही बसवून बघा. काही गाड्यांत फक्त रेझोनेटरच्या जागी साधा पाइप लावून बराचसा आवाज मिळतो, फिल्टर आणि डबा जसेच्या तसे राहतात. तुमच्या मॉडेलला असा पाइप मिळत असेल, तर मी त्यापासून सुरुवात करेन.

तुमच्या तिन्हींपैकीच निवडायचा असेल, तर मी बंद डब्याचा संच घेईन. अट एवढीच की सेन्सरच्या जागेचा व्यास मूळइतका हवा, आयएसओ ५०११चे आकडे मिळायला हवेत आणि डब्याला समोरून थंड हवा यायला हवी. तो रीमॅपनंतरही कामाचा राहतो आणि आवाजही देतो. वॉरंटी संपेपर्यंत काहीतरी करायचंच असेल, तर पॅनल फिल्टर. त्यातून ताकद वाढेल अशी आशा ठेवू नका, पण नीट जपला तर नुकसानही नाही. उघडा कोन तुमच्यासाठी नको. आणखी एक प्रकार तुमच्या यादीत नाही, पण कुणीतरी सुचवेलच: फिल्टर पार बंपरच्या खाली नेणारा लांब पाइप. तिथे हवा थंड मिळते हे खरं, पण साचलेल्या पाण्यातून गाडी गेली तर फिल्टर पाणी ओढतो. सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जिथे पावसात रस्त्यावर पाणी साचतं तिथे हा पर्याय मी विचारातच घेणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. बऱ्याच देशांत इनटेक बदलणं हा गाडीच्या मान्यतेतला बदल धरतात. कॅलिफोर्नियात अशा भागाला तिथल्या हवा नियामक मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो, जर्मनीत त्या भागाची अधिकृत मान्यता किंवा तपासणी लागते. तुमच्याकडचा नियम काय आहे तो बघा, विमा कंपनीला लेखी कळवा, आणि वॉरंटीत काय बसतं ते मूळ कागदावर वाचा. तोंडी “चालतं हो” यावर विसंबू नका.

बसवताना घाई करू नका. क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये आणणारा छोटा होज नव्या पाइपवर नीट बसला पाहिजे, तो मोकळा सोडून टोपण लावायचं नाही. प्रत्येक रबरी मान उंचवट्याच्या पलीकडे पूर्ण चढली आहे का, ते बोट फिरवून आणि आरसा धरून खालच्या बाजूनेही बघा. जमलं तर स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपांत धूर सोडून गळती शोधायची चाचणी, करून घ्या. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर क्लॅम्प पुन्हा तपासा, कारण रबर आणि सिलिकॉन तापून बसतात आणि क्लॅम्प सैल होतात. पाचेकशे किलोमीटरनंतर फिल्टरच्या पुढचा पाइप काढून पांढरं फडकं फिरवा. स्वच्छ आलं की समाधानाने चालवा. आणि आधीच्या नोंदी ज्या गिअरमध्ये, साधारण तेवढ्याच तापमानात घेतल्या होत्या, तशाच पुन्हा घ्या. फ्युएल ट्रिम पाच टक्क्यांच्या आसपास असतील तर निश्चिंत राहा, दहाच्या पुढे गेले तर गळती किंवा सेन्सरची जागा तपासा.

मूळ एअरबॉक्स मात्र देऊन टाकू नका. गिऱ्हाइकाला नम्रपणे नाही म्हणा. पुढे कधी चेक इंजिन दिवा लागला, तर दोष नव्या इनटेकचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे ठरवायला तो डबा परत लावून बघणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग असतो. गाडी तपासणीला न्यायची असेल किंवा विकायची असेल, तेव्हाही तोच लागेल. आतला कागदी फिल्टर काढून ठेवा, डबा कोरड्या फडक्याने पुसा, त्याचे क्लिप, स्क्रू आणि खालचे रबरी बूच एका पिशवीत घालून पिशवी डब्याच्या आतच ठेवा. ते बूच फार लहान असतात आणि डबा जागेवर धरून ठेवायचं काम तेच करतात. पिशवीवर तारीख आणि त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग लिहून ठेवा.